थकव्याचा ठराव

आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून मी गेली कित्येक वर्षे पाण्याची टाकी, पार्किंगमधल्या रेघा आणि चौथ्या मजल्यावरची गळती या विषयांची इतिवृत्ते लिहीत आलो आहे. त्यामुळे माणूस एका सभेत एक बोलतो आणि पुढच्या सभेत "मी असे म्हणालोच नव्हतो" म्हणतो, याचे मला आता काही वाटेनासे झाले आहे. तरीही २०२३ सालच्या मार्च ते मे या काळात, आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या बुकायो साका नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाला विश्रांती द्यावी की देऊ नये, या एका प्रश्नावर आमच्या इमारतीतल्या पाच सज्ञान, करदात्या आणि एरवी समंजस माणसांनी जितक्या वेळा शब्द फिरवला, तितक्या वेळा तो टाकीच्या प्रश्नावरही कोणी फिरवला नव्हता. पाचातला एक करदाता नव्हता, तो माझा भाचा होता. पण अचूकपणाचा हा हट्ट मला त्या तीन महिन्यांतच लागला आणि तो कसा लागला तेच सांगायचे आहे.

मंडळी अशी. तळमजल्यावर दवाखाना असलेले दंतवैद्य, दुसऱ्या मजल्यावरचे सीएसाहेब, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेले, बँकेतून निवृत्त होऊन लेकाकडे पुण्याला राहायला आलेले काका, अभियांत्रिकी शिकण्यासाठी माझ्याकडे राहिलेला भाचा, आणि मी. भाचा मँचेस्टर सिटीचा चाहता, बाकीचे चौघे आर्सेनलचे. सामने दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाहिले जात, कारण पेशंटांचे भय घालवण्यासाठी तिथे मोठा टीव्ही लावलेला होता. तीन माणसांचा एक सोफा, एक लाकडी बाक आणि समोर किडलेल्या दाढेचा उभा छेद दाखवणारे चित्र, एवढे तिथले सामान. सोफ्यावर तिघे आणि बाकावर दोघे असा हिशेब असल्याने मध्यंतराला जागा बदलाव्यात असे एकदा ठरले होते. पण सोफ्यावर बसलेल्यांपैकी कोणालाही आपण थकलो आहोत असे कधीच वाटले नाही आणि तो ठराव कागदावरच राहिला. सिटीचा असल्यामुळे भाचा कायमचा बाकावर असे.

प्रश्न दिसायला साधा होता. इंग्लंडची प्रीमियर लीग ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात संपते. प्रत्येक संघाला ३८ सामने, त्यावर दोन देशी चषक, आणि संघ बरा असेल तर युरोपातली स्पर्धा वेगळी. त्या हंगामात तर मध्येच, नोव्हेंबर-डिसेंबरात, कतारचा विश्वचषक येऊन बसला होता, ऐन लग्नसराईत घरातच बारसे निघावे तसा. आर्सेनलने २००४ नंतर लीग जिंकलेली नव्हती आणि आता तो संघ पहिल्या क्रमांकावर होता. प्रशिक्षक मिकेल आर्तेता आठवड्यामागून आठवडे जवळजवळ तेच अकरा खेळाडू उतरवत होते. रॅम्सडेल, व्हाइट, सालिबा, गॅब्रिएल, झिन्चेन्को अशी सुरू होणारी ती नामावळी आम्हाला स्तोत्रासारखी पाठ झाली होती. आणि स्तोत्रातला शब्द बदलला की फळ मिळत नाही, अशी सीएसाहेबांची श्रद्धा होती. दंतवैद्यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. हीच माणसे अशीच पळवत राहिलात, तर मे महिना दिसायच्या आत एखाद्याचा दोरा तुटणार, असे ते म्हणत. अशा रीतीने आमच्यात "खेळवा" आणि "बसवा" असे दोन पक्ष पडले.

पक्ष पडले याला माझी हरकत नव्हती. माझी अडचण अशी होती की सामना संपला की पक्ष बदलत. संघ जिंकला की सगळेच "खेळवा" पक्षाचे असत आणि बरोबरी झाली की "बसवा" पक्षाला प्रचंड बहुमत मिळे. ४ मार्चला बोर्नमथविरुद्ध आर्सेनल ०-२ असा मागे पडला, राखीव खेळाडूंतून रीस नेल्सन आला आणि त्याने ९७व्या मिनिटाला गोल मारून ३-२ असा सामना जिंकून दिला. त्या रात्री दवाखान्यात एवढा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरच्या आजींनी कोणाची तरी दाढ भूल न देता काढली असे समजून देवाचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेले सीएसाहेब मला म्हणाले, "बघा, मी पहिल्यापासून सांगत होतो, बाकावरच्या पोरांना संधी द्या." पहिल्यापासून त्यांनी हे सांगितले नव्हते. पहिल्यापासून त्यांनी स्तोत्र सांगितले होते.

त्या दिवसापासून माझे एक मत झाले आहे. फुटबॉलमध्ये सर्वांत चांगला खेळाडू तो, जो आज खेळलेला नाही. मैदानावरचा माणूस चुकतो, पडतो, त्याचा पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो. बाकावर जाकीट घालून बसलेला माणूस मात्र नव्वद मिनिटांत एकही चूक करत नाही आणि दर मिनिटाला आपल्या मनात थोडा थोडा मोठा होत जातो. साठाव्या मिनिटाला तो मॅराडोनाच्या जवळ पोचतो. मग त्याला उतरवतात आणि त्याचाही पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो.

वहीची कल्पना सीएसाहेबांची. मार्च महिना हा सीए लोकांचा हंगामाचा शेवट असतो. पंधरा तारखेला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, एकतीसला वर्षअखेर, आणि या दोन तारखांच्या मध्ये ज्यांनी वर्षभर पावत्या जपल्या नाहीत असे लोक पिशव्या घेऊन दारात. नोंद नसलेल्या विधानांचा त्यांना त्या महिन्यात विशेष तिटकारा येतो. एके रात्री त्यांनी कार्यालयातून एक लांबट, लाल कापडी पाठीची वही आणली, स्वतःच्या हाताने रकाने आखले (तारीख, सामना, ठराव, सूचक, अनुमोदक, विरोध, सह्या) आणि ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सेक्रेटरी, सामन्याच्या आधी लिहायचे, सामन्यानंतर वाचायचे." मी इतकी वर्षे सोसायटीची इतिवृत्ते लिहिली, पण इतक्या थोड्या शब्दांत इतका घातक ठराव कधी मंजूर झालेला पाहिला नाही.

पहिली नोंद १६ मार्चची. युरोपा लीगमध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग संघाशी घरच्या मैदानावरचा परतीचा सामना होता. पहिला २-२ असा सुटला होता. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू होणार होता. ठराव दंतवैद्यांनी मांडला: "लीगचे जेतेपद डोळ्यांसमोर असता ही दुय्यम स्पर्धा सोडून द्यावी व सर्व मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यावी." अनुमोदन कोणी देईना. सीएसाहेबांचा विरोध लेखी होता. मीही विरोधात सही केली, कारण युरोपातला चषक म्हणजे चषकच आणि हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असे माझे त्या वेळचे मत होते.

काकांनी तर सही करायलाच नकार दिला. "दमतंय म्हंजे काय हो, सेक्रेटरी?" ते म्हणाले. "आमच्याकडं शाहू स्टेडियमवर एप्रिल-मेच्या उन्हात एक स्पर्धा संपली की दुसरी लागती. तालमीचं पोरगं सकाळी कामाला जातं, दुपारी खेळाय येतं. दमलंय म्हणून कोण बसवतंय व्हय? पेठेत तोंड कसं दाखवील ते?"

हा काकांचा नेहमीचा मुद्दा आणि त्याच्या जोडीला त्यांच्याकडे एक हुकमी पान होते. १९८०-८१ मध्ये ॲस्टन व्हिला संघाने ४२ सामन्यांची लीग फक्त १४ खेळाडूंच्या जोरावर जिंकली आणि त्यातले सात जण बेचाळीसच्या बेचाळीस सामने खेळले. हे पान पडले की दंतवैद्य थोडा वेळ गप्प होत. मग ते म्हणत की तेव्हाचा खेळ संथ होता. त्यावर काका म्हणत की तेव्हा मैदानात घोट्याइतका चिखल असायचा आणि बदली खेळाडू एकच मिळायचा. आता पाच-पाच मिळतात तरी ह्यांचं रडगाणं संपत नाही. मग सीएसाहेब २०१५-१६ च्या लेस्टरची आठवण काढत. क्लाउदिओ रानिएरी हे प्रशिक्षक चेल्सीत असताना सारखे संघ बदलत म्हणून इंग्लंडात त्यांची थट्टा होत असे. त्याच गृहस्थांनी लेस्टरमध्ये संघाला हात लावायचे सोडले आणि लीग जिंकली. त्यांचा कर्णधार वेस मॉर्गन लीगमधला प्रत्येक मिनिट खेळला. दंतवैद्य यावर उत्तर देत की लेस्टरला युरोपात खेळायचे नव्हते आणि देशी चषकांतूनही ते लवकर बाहेर पडले होते. आठवड्याला एक सामना असेल तर मीसुद्धा खेळेन. हे शेवटचे वाक्य त्यांना पुढे महागात पडले.

दंतवैद्यांच्या बाजूला शास्त्र होते, हे मान्य केले पाहिजे. आमच्यात डॉक्टर या शब्दाच्या सर्वांत जवळ तेच असल्याने मांडीच्या मागच्या स्नायूवर बोलण्याचा अधिकार त्यांना दातांच्या जोरावर मिळालेला होता. नव्वद मिनिटांत मधल्या फळीतला खेळाडू दहा-बारा किलोमीटर पळतो, स्नायूंतला साखरेचा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात, आणि तो भरायच्या आत पुन्हा वेगाने पळायला लावले की स्नायू दगा देतो, असे ते समजावून सांगत. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या पाहणीतला आकडाही त्यांच्याकडे होता: २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी १२ टक्के मांडीच्या मागच्या स्नायूच्या होत्या, २०२१-२२ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. त्यांचे दुसरे उदाहरण बार्सिलोनाच्या पेद्रीचे. अठराव्या वर्षी त्या मुलाने एका वर्षात क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक धरून ७३ सामने खेळले आणि पुढचा हंगाम मुख्यतः दुखापतीतच काढला. "दात घासले नाहीत तर लगेच दुखत नाहीत," दंतवैद्य म्हणत, "पण खाते उघडलेले असते." या उपमेने आमच्यापैकी कोणाचेही मत बदलले नाही; फक्त सीएसाहेब जिभेने मागची दाढ चाचपू लागले.

तर तो स्पोर्टिंगचा सामना. आर्तेता यांनी अर्धा ठराव मान्य केला आणि अर्धा फेटाळला. साका आणि ओडेगार्ड सुरुवातीला बाकावर बसले, पण बचावफळीतला विल्यम सालिबा खेळला. पहिला तास उलटायच्या बराच आधी ताकेहिरो तोमियासू जखमी होऊन गेला आणि त्याच्या पाठोपाठ सालिबा पाठ धरून बाहेर आला. दवाखान्यात शांतता पसरली. दंतवैद्यांनी काहीही न बोलता टीपॉयवरची वही उचलून सगळ्यांना दिसेल अशी टीव्हीच्या खाली उभी करून ठेवली. पुढे स्पोर्टिंगच्या पेद्रो गोन्सालविसने जवळजवळ मैदानाच्या मध्यापासून चेंडू हवेतून गोलात टाकला, सामना जादा वेळेत आणि तिथून पेनल्टींवर गेला आणि पहाटे चार वाजून गेल्यावर आर्सेनल स्पर्धेबाहेर पडला. म्हणजे साकाला विश्रांती मिळाली नाही, कारण तो नंतर उतरलाच, सालिबा गेला, आणि चषकही गेला. सहसा एका निर्णयाने एकच पक्ष दुखावतो. त्या रात्री दोन्ही पक्ष एकाच वेळी खरे ठरले आणि दोघांनाही त्याचा काही उपयोग झाला नाही.

"आर्तेतांना सुधारित विवरणपत्र भरता येणार नाही," दंतवैद्य जाताना सीएसाहेबांना म्हणाले. सीएसाहेबांचे डोळे लाल होते. पंधरा दिवस ते चार तासांच्या वर झोपले नव्हते आणि तरीही, किंवा म्हणूनच, माणसाला विश्रांती लागते ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. मी आधी त्यांचा हा हट्ट तात्त्विक समजत होतो. नंतर लक्षात आले की साका दमला हे कबूल केले, तर ३१ मार्चपर्यंत त्यांना स्वतःविषयीही काहीतरी कबूल करावे लागले असते.

सालिबा उरलेल्या हंगामात परतलाच नाही. एप्रिल आला आणि आमच्या वहीतले अक्षर बिघडू लागले. ९ तारखेला लिव्हरपूलविरुद्ध २-० असे पुढे असताना २-२. १६ तारखेला वेस्ट हॅमविरुद्ध पुन्हा २-० पुढे आणि पुन्हा २-२. या दुसऱ्या सामन्याआधीची नोंद मी स्वतः मांडलेली आहे आणि ती मला आज मुखोद्गत आहे: "साका यांस बाकावर बसविल्यास सूचक सदरहू सामना पाहणार नाहीत." सूचक म्हणजे मी. उत्तरार्धात पंच पेनल्टी देतात, साका चेंडू ठेवतो, मागे येतो, धावतो आणि बाहेर मारतो. दोनच मिनिटांत वेस्ट हॅमने बरोबरी केली. साकाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले त्याला थकवा म्हणावे की दुःख हे मला ठरवता आले नाही, पण त्याने गुडघ्यांवर हात ठेवले तेव्हा बाकावरून भाचा हळूच म्हणाला, "मामा, आता तरी बसवायचा का त्याला?" मी त्याला उद्याची प्रॅक्टिकलची तयारी झाली का, असे विचारले.

तिसरी बरोबरी साउदॅम्प्टनशी. आपल्याकडच्या तारखेने २२ एप्रिल, रात्री साडेबारा, आणि त्या दिवशी अक्षय्य तृतीया. या मुहूर्तावर जे करावे ते अक्षय्य होते, असे ऐकत आपण मोठे होतो. आमच्या संघाने त्या शुभदिनी पहिल्याच मिनिटाला, आपल्याच गोलरक्षकाच्या चुकीच्या पासावर, तळाला असलेल्या संघाकडून गोल खाल्ला. शेवटी १-३ वरून ३-३ झाले खरे, पण सकाळी आमरसाच्या वाटीपुढे मी असा बसलो होतो की आईने काय झाले ते विचारले. मी सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "साडेबाराला कुठली आली तृतीया? आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. तो गोल कालच्या खात्यात." त्या हंगामात मला मिळालेला हा एकमेव आधार, आणि तोही फुटबॉल न पाहणाऱ्या माणसाकडून.

दंतवैद्यांच्या "मीसुद्धा खेळेन" या वाक्याची सगळ्यांना आठवण झाली ती नेमकी त्याच सुट्टीत. थकवा म्हणजे नक्की काय असतो याचा निकाल प्रयोगानेच लावावा असे ठरून रविवारी सकाळी सात वाजता टर्फ भाड्याने घेण्यात आला. समोर भाच्याच्या महाविद्यालयातली पाच मुले, इकडे आम्ही. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रशिक्षक म्हणून बसले. पहिल्या दोन मिनिटांत आम्ही बरे खेळलो असे मला अजूनही वाटते. चौथ्या मिनिटाला सीएसाहेब, म्हणजे बारा महिने तेच अकरा खेळाडू उतरवा म्हणणारे सीएसाहेब, जाळीला धरून उभे राहिले आणि बोटाने हवेत गोल काढून बदलीची खूण करू लागले. बदलीला कोणी नव्हते. ते गोलरक्षक होतो म्हणाले, पण ती जागा दंतवैद्यांनी दुसऱ्याच मिनिटाला बळकावली होती आणि ते ती सोडायला तयार नव्हते. सातव्या मिनिटाला माझ्या पोटरीत गोळा आला. मी खाली बसलो, दंतवैद्य धावत आले, माझ्यापाशी वाकले आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "आ करा."

मी केला.

उरलेली त्रेपन्न मिनिटे त्या मुलांनी आपसात खेळून वापरली, पैसे आम्ही भरले. खुर्चीवरून उठताना काका एवढेच म्हणाले, "व्हिलाची गोष्ट येगळी होती."

बुधवारी रात्री सिटीच्या मैदानावर सामना होता. त्या रात्रीच्या पानावर ठराव नाही. वही मध्ये ठेवलेली होती, पेन होते, पण कोणालाही काही मांडायचे नव्हते. पोटऱ्या अजून दुखत होत्या आणि दुसऱ्याच्या पायांविषयी ठामपणे बोलण्याची उमेद रविवारीच संपली होती. केव्हिन डी ब्रुयना आणि एर्लिंग हालांड यांनी सालिबाविना उघड्या पडलेल्या बचावाचे जे करायचे ते केले, ४-१ असा निकाल लागला आणि आमचा एकमेव गोल कोणी केला, तर रॉब होल्डिंगने. सालिबाच्या जागी खेळतो म्हणून महिनाभर ज्याच्या नावाने आम्ही वहीची अडीच पाने भरली होती, तोच. मध्यंतराला भाचा न बोलता बाकावरून उठला आणि सोफ्यावर येऊन बसला. कोणी अडवले नाही.

पुढचे लवकर सांगतो. मे महिन्यात ब्रायटनने ३-० ने हरवले, २० तारखेला नॉटिंगहॅम फॉरेस्टने १-० ने, आणि सिटी त्या दिवशी न खेळताच विजेता झाला. २४८ दिवस पहिल्या क्रमांकावर राहून जेतेपद न मिळवणारा दुसरा संघ इंग्लंडमध्ये झालेला नाही. साका, गॅब्रिएल आणि रॅम्सडेल हे तिघे लीगचे अडतीसच्या अडतीस सामने खेळले. सिटीने त्या वर्षी लीग, एफए कप आणि चँपियन्स लीग असे तिन्ही चषक नेले, तेव्हा सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांचे संघ सतत बदलत राहणे किती दूरदृष्टीचे आहे, असे दंतवैद्यांनी तासभर सांगितले. भाचा मात्र त्या आठवड्यात आमच्याहून दुःखी होता. विजेतेपद हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी ग्वार्दिओलांनी जवळजवळ अख्खा संघ बदलला, आणि फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, भाच्याने ज्याला कर्णधार करून दुप्पट गुण लावले होते तो आरामात बाकावर बसून हसत होता. फँटसी खेळणारी मुले याला "पेप रुलेट" म्हणतात. आपला क्लब तीन चषक जिंकत असताना त्याच्या प्रशिक्षकाला शिव्या घालणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्या घटकेला मला तो अगदी आपल्यातला वाटला.

नव्या हंगामात वही पुन्हा उघडायची नाही असे ठरले होते, म्हणून १२ ऑगस्टला ती उघडली. नवा बचावपटू युरियन टिंबर. ताजा, बावीस वर्षांचा, सुट्टी घेऊन आलेला. सीएसाहेबांनी "थकवा" असा एक नवा रकाना आखून त्याच्यापुढे शून्य लिहिले. लीगमधल्या त्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि जवळजवळ सारा हंगाम बुडाला. दंतवैद्यांनी तो शून्य बराच वेळ न्याहाळला आणि पाणी मागितले. त्यांना खरा दाखला मिळायला पुढे वर्ष जावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीचा रोद्री पत्रकारांना म्हणाला की सामन्यांच्या ओझ्यामुळे खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत, आणि त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पण त्या दिवशी आमच्या खोलीत विजयी चेहरा कोणी केला नाही. भाचा बाकावर बसलेला होता.

मला सांगायचे आहे ते ८ ऑक्टोबर २०२३ चे. त्या आठवड्यात फ्रान्समध्ये लाँसविरुद्ध खेळताना साकाचा स्नायू दुखावला होता, आणि प्रीमियर लीगमध्ये सलग ८७ सामने खेळून क्लबचा विक्रम करणारा तो मुलगा अखेर एका लीग सामन्याला मुकणार होता. समोर पुन्हा मँचेस्टर सिटी, ज्यांना आर्सेनलने लीगमध्ये डिसेंबर २०१५ नंतर हरवलेले नव्हते. वेळ रात्री नऊ. त्यातच चेन्नईला क्रिकेट विश्वचषकात भारत आणि ऑस्ट्रेलिया चालू. आपले तीन गडी दोन धावांत गेल्यापासून काकांनी रिमोट मांडीखाली घेतलेला. कोहली आणि राहुल यांनी डाव सावरून विजय टप्प्यात आणल्यावरच तो आमच्या हाती आला.

सामना रटाळ होता, हे मला मान्य केले पाहिजे. शून्य-शून्य. काकांना डुलकी लागली. मग आर्तेता यांनी एकेक करत बाकावरची माणसे उतरवली. ८६व्या मिनिटाला थॉमस पार्टीने मागून उंच चेंडू टाकला, तोमियासूने तो डोक्याने दिला, काय हावर्त्झने मागे सरकवला आणि गॅब्रिएल मार्तिनेलीने मारलेला फटका एका बचावपटूला लागून जाळ्यात गेला. चौघेच्या चौघे बदली खेळाडू. सुरुवातीच्या अकरांतल्या कोणाचाही शेवटच्या त्या चार स्पर्शांत पाय नव्हता.

मी सोफ्यावर उभा राहिलो होतो. खाली उतरल्यावर, श्वास लागलेला असताना, मी म्हणालो, "मी पहिल्यापासून सांगतोय. साकाला अधूनमधून बसवायला पाहिजे. संघ म्हणजे एकटा साका नव्हे."

कोणी काही बोलले नाही. काका जागे झाले आणि कोण आउट झाला ते विचारू लागले. सीएसाहेबांनी कपाटावरून वही काढली, बोटाला थुंकी लावून पाने उलटी उलटत एप्रिलपर्यंत आले आणि १६ तारखेचे पान उघडून, माझी सही नीट दिसेल अशा बेताने, ते माझ्यासमोर किडलेल्या दाढेच्या चित्राखाली धरले.

"सही तुमचीच ना?" त्यांनी विचारले.

सामन्याची अजून चार मिनिटे आणि जादा वेळ बाकी होता. मी भाच्याला म्हणालो, "तू ये रे सोफ्यावर, किती वेळ बाकावर बसशील," आणि त्याच्या जागी जाऊन बसलो.